नदीत पाय बसेपर्यंत

आमच्या तंजावुरी मराठी घरात आडीपेरुक्कु, म्हणजे नदीला नवं पाणी आल्याचा सण, तमिळ शेजाऱ्यांइतकाच कडक पाळतात. पापनाशमजवळच्या घाटावर जाऊन कावेरीला हळदकुंकू, चिंचभात वाहायचा. पण त्याआधी सासूबाईंचा एक नेम होता. गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि चकार शब्द न काढता, पाय वाळूत नीट बसेपर्यंत उभं राहायचं. मला भारी राग यायचा. मी कॉलेजात शिकवते. कारण कळल्याशिवाय मला काही पटत नाही. "कारण मला ठाऊक नाही. तू उभी राहा," एवढंच त्या म्हणायच्या. मी दरवर्षी धुसफुसत उभी राहायचे.

यंदा गुडघे धरल्यामुळे त्या पायरीवरच बसल्या. मी एकटी उतरले. पाणी नेहमीसारखंच संथ दिसत होतं, पण पाय काही बसेनात. टाचांखालची वाळू सारखी निसटत होती आणि त्या पोकळीतून गार पाणी वर येत होतं. मी पूजा न करताच मागे फिरले. माझा चेहरा बघून सासूबाईंनी पूजेचं ताट झाकलं.

तेवढ्यात बसमधून बायकांचा घोळका उतरला, कडेवर पोरं घेऊन. मी त्यांच्या आडवी गेले आणि तमिळमध्ये ओरडले, "उतरू नका!"

"का?" एकीनं विचारलं.

"पाय बसत नाहीत."

त्या खळखळून हसल्या आणि मला वळसा घालून पायऱ्या उतरू लागल्या.