जमवून घ्यायचे कोणी?

जानेफळच्या शाळेत मी आठवीत दाखल झाले, तेव्हा वर्ष सुरू होऊन गेले होते आणि मुलींच्या बाकांवर जागा उरली नव्हती. तास इंग्रजीचा होता. मी दारात उभी होते. तीन मुली आधीच दाटीने बसल्या होत्या, त्यांच्यातली एक म्हणाली, "येऊ द्या ना बाई तिले. ॲडजस्ट होऊन जाते."

शशिकलाबाई देशमुख यांनी खडू खाली ठेवला. "काय ॲडजस्ट होते? बाक लांब होतो, का तुम्ही बारीक होता?"

वर्ग हसला. बाईंनी प्रयोगशाळेतले स्टूल आणवून मला बसवले. त्याच दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांकडे बाक मागितला आणि येईपर्यंत रोज मागत राहिल्या. माझी आणि बाईंची ओळख ही अशी झाली.

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघालेल्या या अंकाच्या वाचकांपैकी अनेक जण बाईंचे विद्यार्थी आहेत. त्यांना त्यानंतरचा तास आठवत असेल, कारण बाई तो प्रत्येक वर्षी घेत. ॲडजस्ट हा शब्द आपल्याकडे एसटीतल्या सीटपासून सासरपर्यंत सगळीकडे चालतो. बाईंना तो इतका सैल चालवलेला पसंत नव्हता. क्रियापद हाताने करून दाखवता आले तरच ते आले, असा त्यांचा नियम होता. शिपाईकाकांची सायकल व्हरांड्यात आणून त्या एका मुलीला वर बसवत. तिचे पाय पोचत नसत. "हिचा पाय लांब करता येत नाही, म्हणून सीट खाली घ्यायची. हे ॲडजस्ट." रेडिओची खरखर घालवणे म्हणजे ट्यून. घड्याळाचा काटा वेळेवर आणणे म्हणजे सेट. डब्याला त्याचेच झाकण बसणे म्हणजे फिट.

ॲडाप्ट हा शब्द त्यांनी लोणारच्या सहलीसाठी राखून ठेवला होता. सरोवराच्या खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची माहिती देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "यांना ॲडाप्ट व्हायला कितीतरी पिढ्या लागल्या. आपल्याकडे सुनेला आठ दिवस देतात." सोबत आलेले दोन शिक्षक दुसरीकडे पाहू लागले. बाई पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

बारावीनंतर मला श्रवणशास्त्राचा अभ्यासक्रम करायचा होता. त्यासाठी मोठ्या शहरात राहावे लागणार होते. वडिलांनी बाईंना विचारले, "तिले तिथं जमंन का?" बाईंनी खोटा धीर दिला नाही. "नाही जमलं तर परत येईल. न जाता कसं कळेल?" तेवढ्यावर वडील तयार झाले. मी आता मेहकरला श्रवणयंत्रे बसवण्याचे काम करते.

निवृत्तीनंतर बाई घराच्या ओसरीवर संध्याकाळी इंग्रजीचा विनामूल्य वर्ग घेतात. मागच्या वर्षी त्या माझ्याकडे एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, "कान तपास. मग मी वर्ग बंद करणार आहे." वैष्णवी नावाच्या सातवीतल्या मुलीने बरोबर उत्तर दिले होते. बाईंना ते वेगळेच ऐकू आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर ते चूक ठरवले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी यायची थांबली. झालेला प्रकार बाईंना तिच्या मैत्रिणीकडून कळला. "चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं," बाई म्हणाल्या.

तपासणीत दिसले की बाईंना स, फ, ट यांसारखे बारीक आवाज फार कमी ऐकू येतात. लहान मुलींच्या बोलण्यातून नेमके तेच निसटतात. मी दोन्ही कानांना यंत्रे बसवली. आठवड्याने विचारले, कसे वाटते.

"ठीक आहे. घेईन मी जमवून."

माझ्या कामात हे वाक्य धोक्याचे असते. असे म्हणणाऱ्यांची यंत्रे बहुधा पुढे कपाटात राहतात. मी विचारले, "कोण कोणाशी जमवून घेणार, बाई?"

बाई हसल्या. "ऐक मग. भांडं पडलं की कानात टोचतं. माझा स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा येतो. अन् पोरी अजून पुटपुटतातच." माझ्याकडे येणाऱ्यांपैकी इतके नेमके सांगणारे थोडेच असतात. तिन्ही तक्रारींवर उपाय होता. दवाखान्यातल्या शांततेत ते नीट पारखता येईना, म्हणून यंत्रांचे आवाज कमीजास्त करायला मी लॅपटॉप घेऊन जानेफळला त्यांच्या ओसरीवरच बसले. शेजारी पिठाची गिरणी चालू होती. मागच्या रांगेत एक मुलगा शेजाऱ्याच्या कानाशी म्हणाला, "बाईनं ब्लूटूथ लावलं काय बे?"

"ब्लूटूथ नाही, श्रवणयंत्र आहे," बाई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या. "आणि ते 'बे' ओसरीच्या बाहेर."

मुलगा मान खाली घालून बसला. मी लॅपटॉपवर यंत्रांचे सेटिंग तसेच जतन केले.

दुसऱ्या दिवशी बाई वैष्णवीच्या घरी गेल्या. ती वर्गात परतल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले, "त्या दिवशी हिचं उत्तर बरोबर होतं. मला ऐकू आलं नव्हतं." त्या संध्याकाळी मीही तिथे होते. तासाच्या शेवटी बाईंनी वैष्णवीला प्रश्न विचारला. तिने नेहमीसारखे हळूच उत्तर दिले. गिरणी चालूच होती. बाईंनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "चूक आहे. पुन्हा विचार कर." वैष्णवीने विचार केला आणि बरोबर सांगितले. वर्ग बंद करण्याचा विषय बाईंनी त्यानंतर काढलेला नाही.

बाई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, ओसरी भरलेली राहो. दर सहा महिन्यांनी तपासणीला त्यांनी यावे. आल्यावर काय टोचते आणि काय ऐकू येत नाही, ते न संकोचता सांगावे. पुढचे काम माझे.