आप्पांच्या सतरा ओळी

प्रिय ईरा आणि अर्णव,

येथील सर्व खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी.

परवा फोनवर ईराने विचारले, "आजी, सुई डोळ्यात टोचणार? म्हणजे खरंच डोळ्यात?" मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली आहे आणि त्यासाठी येत्या गुरुवारी इंजेक्शन घ्यायचे आहे. एवढे सांगून मी विषय बदलला, कारण फोनवर मला क्रमाने बोलता येत नाही. लिहिता येते. मला भीती का वाटत नाही हे समजायचे, तर आधी तुम्हाला रेघवाले आप्पा माहीत हवेत.

आप्पा कोऱ्या कागदावर सरळ लिहीत. पोलादपूरच्या तहसील कचेरीबाहेर एका लाकडी पेटीमागे बसून ते लोकांना अर्ज आणि पत्रे लिहून देत. रेघांचा कागद नाही, खाली आधाराला काही नाही, तरी ओळ अशी जाई की मी एकदा फूटपट्टी लावून पाहिली. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि फळ्यावरची माझी ओळ जन्मभर उजवीकडे चढत गेली, म्हणून मला ते जरा सहन झाले नसावे. केसाएवढाही फरक नव्हता. आप्पा शांतपणे म्हणाले, "पट्टी तपासून घ्या बाई. ती वाकडी आसंल."

ते दर मंगळवारी एसटीने महाडला माझ्याकडे येत. त्या वर्षांत पोलादपूरच्या खेड्यांतली पुष्कळ मुले आखाती देशांत कामाला गेली होती. पत्राचा मजकूर आप्पा लिहीत, पण पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत लागे, आणि इंग्रजी त्यांना येत नसे. म्हणून आठवड्याची पत्रे कापडी पिशवीतून माझ्या टेबलावर येत. मी पत्ते लिहून पाकिटे बंद करून देई. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा वर्ष झाले होते आणि तुमचे बाबा नुकतेच परदेशी गेले होते. मंगळवार हा एकच वार होता, ज्या दिवशी मी दोन कप चहा टाकत असे.

बोलताना आप्पा त्यांच्या गावचे बोलत. लिहायला बसले की छापील पुस्तकासारखे लिहीत. लोकांचे बोलणे ते जसेच्या तसे उतरवत नसत. उमरठच्या एका म्हातारीच्या मुलाने वर्षभर पत्र धाडले नव्हते. तिने आप्पांच्या पेटीसमोर बसून त्याला तासभर शिव्या घातल्या आणि हे सगळे लिहा म्हणाली. आप्पांनी लिहिले, 'तुझी फार आठवण येते, जेवण वेळेवर घेत जा.' वाचून दाखवल्यावर म्हातारी म्हणाली, "मी आसं कवा बोलले?" आप्पा म्हणाले, "बोललीस गो. तुलाच ऐकू नाय आलं." तिने मुकाट्याने अंगठा उठवला, असे त्यांनी मला चहा पिताना सांगितले.

एका गोष्टीवरून आमचे मात्र भांडण झाले होते. पत्र कोणाचेही असो, पहिली ओळ ठरलेली: 'येथील सर्व खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी.' एका पत्रात ही ओळ होती आणि लगेच खाली बाप पाय मोडून अंथरुणात असल्याची बातमी. मी म्हटले, आप्पा, हे उघड खोटे आहे. ते म्हणाले, "बाई, परमुलखात माणूस पत्र फोडतो तवा उभा आसतो. एका ओळीत त्याला बसू द्यावं. मंग सांगावं." मी पाकीट बंद केले. पुन्हा कधी हा विषय काढला नाही.

मग त्यांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन महाडला झाले. उजव्यातही मोतीबिंदू होता, पण तो नंतर करायचा ठरले. पट्टी सुटल्यावर ते काळा चष्मा लावून आले. समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीची पाटी त्यांनी मला वाचून दाखवली आणि माझ्या भिंतीला नवा रंग केव्हा दिला म्हणून विचारले. भिंत पाच वर्षांपूर्वी रंगवली होती.

दीडेक महिन्याने मी पाकिटे भरत असताना एका पत्रापाशी थांबले. ओळ डावीकडून नीट निघाली होती, मधे खाली वाकली होती आणि पुढे पुन्हा वर आली होती. सगळ्याच ओळी तशा. मी विचारले तर म्हणाले, गाडी हलत होती. आप्पांनी गाडीत बसून कधी एक अक्षर लिहिले नव्हते. पुढच्या मंगळवारी पत्रे निम्मी झाली, त्याच्या पुढच्या मंगळवारी तीन. मी आठ आठवडे काही बोलले नाही, ही माझी चूक. नवव्या आठवड्यात मी फूटपट्टी काढून त्यांच्या ओळीवर ठेवली आणि वाट पाहत राहिले.

शेवटी आप्पा म्हणाले, "मधोमध कुणी आंगठा ठेवल्यावानी दिसतंय. कडंनं सारं दिसतं." मग पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला. लाकडी चौकटीतला, हाताच्या पंजाएवढा. त्यांची बायको. ती जाऊन वीस वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. आमच्या इतक्या मंगळवारांत त्यांनी तिच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. "चौकट दिसते बाई," ते म्हणाले, "ती दिसत नाय."

डॉक्टरांना का सांगितले नाही, असे मी पुन्हा पुन्हा विचारले. "माझ्याच हातनं झालंय," एवढेच ते म्हणत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना महाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी पडद्याला सूज असल्याचे सांगून थेंब दिले. सहा आठवडे थेंब घातले, फरक थोडाच पडला. मग त्यांनी पुण्याला पडद्याच्या डॉक्टरांचे नाव लिहून दिले. कचेरीबाहेरच्या एका शहाण्याने आप्पांना सांगून ठेवले की पुण्यात डोळा बाहेर काढून धुतात आणि परत बसवतात. आप्पांनी त्यावर विश्वास ठेवला नाही, पण धोतर मात्र नवे नेसून आले.

वरंधा घाटातून एसटी गेली. वरंध मागे पडेपर्यंत ते कडेच्या नजरेने बाहेर पाहत होते, पुढे डोळे मिटून बसले. फोटो पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी कागदावर डोळ्याचा गोळा काढला आणि मागच्या पडद्यावर मधोमध पेन्सिलीने एक फुगवटा दाखवला. मोतीबिंदू चांगला काढला तरी काही जणांना काही आठवड्यांनी अशी सूज येते, त्यात कोणाचा दोष नसतो, असे म्हणाल्या. मोठ्या ऑपरेशनची त्यांना आज तरी गरज वाटत नव्हती. गोळ्याच्या आत सुई घालण्याआधी त्यांना सौम्य उपाय करून पाहायचा होता: गोळ्यावर एक पातळ आवरण असते, त्याच्याखाली, गोळ्याच्या बाहेरच्या बाजूने, औषध सोडायचे. ते तिथे राहून हळूहळू मागे पोचते. डोळ्यातला दाब वाढू शकतो म्हणून तपासायला पुन्हा यावे लागेल, आणि पूर्वीइतके दिसेलच अशी हमी मी देणार नाही, हेही त्यांनी सांगितले. ते मला आवडले.

मग त्यांनी विचारले, आजोबा, काही शंका?

आप्पा आपल्या पायांकडे पाहत राहिले. मला वाटले नाहीच म्हणणार. मग म्हणाले, "रडलं तर डोळा जातो का?"

आमच्या भागात ऑपरेशननंतरच्या पथ्यांची मोठी यादी असते. डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, वाकायचे नाही, आंबट खायचे नाही. आणि सगळ्यांत मोठे, चाळीस दिवस डोळ्यांतून टिपूस काढायचा नाही. डॉक्टरांच्या छापील कागदावर हे शेवटचे कुठेही नव्हते, पण शेजारपाजारचे सगळे हेच बजावून जातात. आप्पांची पट्टी सुटली त्या संध्याकाळी त्यांनी तो फोटो खाली उतरवला. मोतीबिंदू वाढत गेल्यापासून त्यांना त्यात एक पांढुरका डाग तेवढा दिसत असे. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी बायको दिसली. ते रडले. पुढे दिसेनासे झाले, तेव्हा त्यांनी हिशेब जुळवला: रडलो, म्हणून ती गेली. हे डॉक्टरांना सांगायची त्यांना लाज वाटत होती. साडेतीन महिने एवढे ओझे घेऊन ते माझ्यासमोर चहा पीत होते.

हे सारे त्यांनी तिथे तुटक तुटक सांगितले. मी खिडकीबाहेर पाहत होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आजोबा, अश्रू बाहेरचे, सूज आतली. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. तुम्ही हवं तेवढं रडा."

इंजेक्शनची हकिगत त्यांनी परतीच्या गाडीत मला सांगितली. "दाभण आसंल वाटलं व्हतं. आधी थेंब घालून डोळा बधिर केला. मंग म्हणाल्या, पायाच्या आंगठ्याकडं बघा. मी आंगठा बघत ऱ्हायलो, नख वाढलंय का बघत व्हतो, तवर त्या म्हणाल्या, झालं." जरा दाब आल्यासारखे वाटले, इतकेच. घाट उतरताना ते रडले. कोणी बजावायला नव्हते. मी रुमाल दिला आणि तो धुऊन परत आणला पाहिजे असे सांगितले. तो त्यांनी आणला.

रोज एकेका डोळ्याने पाहायला डॉक्टरांनी चौकटींचा एक छापील कागद दिला होता. आप्पांना तो पसंत पडला नाही. दुसऱ्याने मारलेल्या रेघा बघून मला माझे काय कळणार, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी ते दर मंगळवारी माझ्या टेबलाशी बसून, उजव्या डोळ्यावर हात धरून, एकाच कोऱ्या कागदावर एकेक ओळ लिहीत. पहिल्या तीन आठवड्यांत काहीच हलले नाही. चौथ्या ओळीत वाक कमी झाला. सातव्या मंगळवारी त्यांनी लिहिण्याआधी फोटो काढून टेबलावर ठेवला. "हनुवटीवर गोंदण हाय," ते म्हणाले. "तीन ठिपकं. मी इतकी वर्सं दोनच धरून चाललो व्हतो."

सतराव्या मंगळवारी मी फूटपट्टी लावली. मधे अजून थोडा वाक होता, आणि डॉक्टरांनी आता एवढेच राहील म्हणून सांगितले होते. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे एवढा. माझीच ओळ हाय हे तरी कळंल." कागद त्यांनी माझ्याकडे ठेवला.

पुढे खेड्यापाड्यांत फोन आले आणि पत्रे थांबली. शेवटची दोन वर्षे आप्पा रिकामी पिशवी घेऊन येत. आम्ही फार बोलत नसू. ते पेपर वाचत, मी तुम्हाला पत्र लिहीत असे. मग एका मंगळवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्या मंगळवारी मी पोलादपूरला गेले. कचेरीबाहेर त्यांच्या जागी कोणी मोबाईलची कव्हरे मांडली होती. शेजारच्या चहावाल्याने सांगितले की आप्पा झोपेतच गेले, पंधरा दिवस झाले. मला कळवावे हे कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते. घरी येऊन मी सवयीने दोन कप टाकले.

गुरुवारी मी पुण्याला गाडी करून एकटी जाणार आहे. चालक भला माणूस आहे. माझेही इंजेक्शन आप्पांसारखेच, डोळ्याच्या गोळ्याबाहेरून द्यायचे आहे. पायाच्या अंगठ्याकडे बघायचे असते, हे मला ठाऊक आहे. काळजी करू नका.

आप्पांचा कागद माझ्या कपाटात वरच्या खणात, निळ्या फायलीत आहे. त्यावर सतरा ओळी आहेत. पहिली मधोमध बोटभर खाली वाकली आहे, शेवटची जवळजवळ सरळ आहे. सतराही ओळींत एकच मजकूर आहे: येथील सर्व खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी.