लोणारे साहेबांच्या मोऱ्या

पुस्तक दान करणारा माणूस घरातलं चांगलं पुस्तक कधी देतो का हो? नाई देत! चांगलं स्वतःजवळ ठेवतो, आणि जे त्याच्यानं वाचल्या गेलं नाही, त्याचं गाठोडं बांधून आमच्याकडं धाडतो. वरून फोटो काढून घेतो, ते वेगळंच.

वाघाच्या जंगलात जायचं मोहर्ली गेट, त्याच्या अलीकडं आमचं गाव. गावात एका खोलीचं वाचनालय, आणि त्याची किल्ली माझ्या होमस्टेच्या स्वयंपाकघरात, तिखटाच्या डब्यामागं. वाचणारे कोण, तर सफारीचे गाइड आणि जिप्सीचे ड्रायव्हर. पावसाळ्यात जंगलाचं कोअर, म्हणजे आतला भाग, बंद झालं की ही सगळी मंडळी रिकामी. मग वाचतात, आणि वाचलेलं मला सांगायला स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतात. असली पुस्तकं आणि असले वाचणारे! किस्से साचणार नाहीत तर काय होणार? हसता हसता माझा भात किती वेळा करपला, ते माझ्या पाहुण्यांनाच विचारा.

*

गजूभाऊ आमच्या गेटवरचा नावाजलेला गाइड. वाघ दिसला नाही तरी त्याचा पर्यटक खूश होऊन उतरतो. तो काय करतो, तर रिकाम्या पाणवठ्यावर जिप्सी थांबवतो, आवाज एकदम बारीक करतो आणि म्हणतो, "काल इथीच बसली होती. तीन पिल्लं घेऊन." बस! पर्यटक त्या रिकाम्या जागेचे पन्नास फोटो काढतात.

एकदा त्यानं एक जाडजूड कादंबरी परत आणली. मी विचारलं, "कशी होती?"

"दोनशे पानं फिरलो, सुनंदाबाई. नुसते चितळ!"

तेव्हापासून आमच्याकडं पुस्तक नेताना कोणी लेखकाचं नाव विचारत नाही. "पहिली साइटिंग कितव्या पानावर?" एवढंच विचारतात.

पुढं चंद्रपूरचे एक कवी स्वतःचा संग्रह द्यायला आले आणि गजूभाऊचा अभिप्राय घेतल्याशिवाय उठेचनात. गजूभाऊनं तिथंच बसून संग्रह चाळला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "साहेब, पंज्याचे पगमार्क लय दिसले. ताजे होते. पण जनावर काई निघालं नाई."

कवी इतके खूश झाले, की पुढच्या संग्रहाच्या मागच्या कव्हरवर त्यांनी ते छापून टाकलं!

*

राजू जिप्सी चालवतो. हॉलंडचं एक जोडपं माझ्या होमस्टेत त्यांच्या भाषेतली कादंबरी विसरून गेलं, ती यानं उचलली. इंग्रजी अक्षरं ओळखतो, त्या भाषेचा मात्र गंध नाही. तरी बाप्पा, पूर्ण पावसाळा ते पुस्तक छातीशी!

मी म्हटलं, "अबे, काय समजते तुले त्याच्यात?"

"समजत नाई. माग काढून राह्यलो."

म्हणजे कोणतं नाव कोणत्या पानावर, कोणाच्या सोबत, कुठून वेगळं झालं, सगळं पगमार्कासारखं. त्यानं काढलेली गोष्ट अशी: "हेंक नि मारिया, नवरा-बायको. मंग हा पीटर आला. सारखा मारियाच्या आजूबाजूले फिरते, लेकाचा! अर्ध्याच्या पुढं हेंक दिसतच नाई. त्यानंच मारला असंन!"

त्या पीटरवर राजूचा असा राग, की पीटर नावाचा एक पाहुणा आला तर त्याचं सामान उचलायला हा तयार नाही.

हिवाळ्यात हॉलंडची एक बाई आली. मी मुद्दाम पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. तिनं चाळलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की हेंक मेलेला नाही, कंटाळून घर सोडून गेला. आणि पीटर तर मारियाचा कुत्रा आहे!

राजूनं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "तरीच म्हटलं, पानोपानी तिच्या मागंमागंच काऊन राहते!"

*

शेवंताबाईही गाइड. जंगलात आमच्यापेक्षा जास्त फिरते आणि तिथं तिला कशाची भीती नाही. ती फक्त मे महिन्याला भिते. आमच्याकडचा मे म्हणजे काय सांगू! दुपारी सावलीसुद्धा सावली शोधते.

तिला गाठोड्यात सापडलं स्वेटर विणायचं पुस्तक. आता चंद्रपूर जिल्ह्यात हे कोणी, कोणत्या पापाच्या बदल्यात पाठवलं असेल? पण शेवंताबाई रोज दुपारी वाचनालयाच्या ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचायची. "दोन सुलट, दोन उलट. गळा पूर्ण बंद. बाह्या मनगटापर्यंत."

"अवो शेवंताबाई, विणायचं हाय का तुले?"

"विणायचं कायले? वाचलं का थंड वाटते."

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशी दोन बाया येऊन बसल्या, मग चार, मग अर्धी गल्ली. ती मफलरच्या धड्यावर आली त्या दुपारी तर तिच्या सासऱ्यानं खरोखर दुपट्टा अंगावर ओढून घेतला आणि ओरडला, "बस कर ना वं! खोकला होईन!"

*

आता ते पुस्तक, ज्याच्यापायी आमचं वाचनालय जाता जाता राहिलं.

वाचनालयाची खोली लोणारे साहेबांची. साहेब रिटायर्ड इंजिनिअर, चंद्रपूरला राहतात. जन्मभर त्यांनी रस्त्याखालून पाणी काढायच्या मोऱ्या बांधल्या, आणि रिटायर झाल्यावर त्यांवर सातशे पानांचं आत्मचरित्र लिहिलं: 'माझ्या मोऱ्या'. एकेका मोरीला एकेक प्रकरण! खोली आम्हाला फुकट दिली आणि सोबत हे पुस्तक. खोलीच्या भाड्यापेक्षा ते महाग पडलं.

कोणाच्यानं दोन पानांच्या पुढं जाणं झालं नाही. एकदा मुंबईच्या एका पाहुण्याला झोप येत नव्हती, गोळ्या घरी विसरलेला. मी त्याला 'माझ्या मोऱ्या' दिलं. पहाटेची सफारी बुक केलेली, जिप्सी दारात हॉर्न वाजवून थकली, आणि हा गडी नऊ वाजता उठला! मला वाटलं आता भांडतो. तर म्हणतो, "हे पुस्तक विकत मिळेल का?"

हसण्यावारी चाललं होतं. एके दिवशी साहेब स्वतः आले, चेहरा उतरलेला. म्हणाले, "सुनंदाबाई, पोरगा म्हणते खोली रिकामी करा, होमस्टे काढू. म्या त्याले सांगितलं, तिथं माझं पुस्तक वाचणारे लोक आहेत. तो हसला. म्हणे, एकानंबी पूर्ण वाचलं असंन तर खोली वाचनालयाले कायमची देऊन टाका. तान्ह्या पोळ्याले आम्ही दोघं येतो. वाचलं ना तुम्ही?"

मी मान हलवली. साहेब गेल्यावर मात्र मला रडूच आलं. ती खोली गेली तर पावसाळ्यात ही माणसं बसतील कुठं? राजू पुस्तकाचा माग काढेल कुठं?

गजूभाऊ म्हणाला, "एकट्याच्यानं नाई होत. झोन पाडा."

झालं! पुस्तकाची शिलाई उसवून आम्ही चार भाग केले. राजू, शेवंताबाई, गजूभाऊ आणि मी, एकेकाला एकेक रूट. आता जंगलाचा नियम असा, की ज्याला जो रूट मिळाला त्यानं तोच धरायचा, दुसऱ्याच्या रूटवर गाडी घालायची नाही. म्हणून कोणी दुसऱ्याच्या पानांत डोकावलंसुद्धा नाही! राजूनं वाचताना पाय गार पाण्यात बुडवून ठेवले. शेवंताबाई उभ्यानं वाचायची, बसली की डोळा लागायचा. मी फोडणी देता देता वाचलं, आणि दोनदा मोहरीऐवजी चहापत्ती घातली.

गजूभाऊ मात्र "होते ना बाई, काऊन टेन्शन घेता!" म्हणत फिरला, आणि तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्यानं आपला भाग पहिल्यांदा उघडला. वरचं पान तेवढं धड होतं. खाली सगळी उधई! आमच्याकडं वाळवीला उधई म्हणतात. कागद खाऊन तिनं आत नुसती माती भरलेली.

"सुनंदाबाई," तो म्हणाला, "माझा झोन बंद हाय."

आणि नेमकी तेव्हाच वाचनालयाच्या दारात गाडी थांबली.

साहेब दाराकडं पाठ करून खुर्चीत बसले. मुलगा शेजारी उभा, खोलीच्या भिंती डोळ्यांनी मोजत. मी पटकन सांगून टाकलं, "साहेब, आम्ही चौघांनी मिळून वाचलं."

"चालते," साहेब म्हणाले आणि एकेकाला विचारू लागले. राजूनं वाळूचा प्रकार सांगितला. शेवंताबाईनं मुकादमाचं लग्न सांगितलं. मी पुरात वाहून गेलेली मोरी सांगितली. साहेबांचा चेहरा असा उजळत चालला, की मला वाटलं, सुटलो.

"आता गजूभाऊ. तुमच्या गावच्या रस्त्यावरची मोरी. तिचं काम आठवडाभर बंद होतं. काऊन?"

ती मोरी गजूभाऊच्या जन्माच्याही आधीची. गजूभाऊनं एकदा त्या मातीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग आवाज बारीक केला. तो आवाज मी ओळखते! मी मनात म्हटलं, गेली खोली.

"साहेब, मोरीच्या पाइपात वाघीण बसली होती. तीन पिल्लं घेऊन. मजूर पळाले. तुम्ही नाई पळाले. समोर मोहाच्या झाडाखाली डबा घेऊन बसले. रोज."

मुलगा फसकन हसला. "बाबा, बघा! पुस्तकात वाघीणबिघीण काही नाही. सिमेंट आलं नाही म्हणून काम बंद, असं आहे. टायपिंग मीच करून घेतलंय!"

साहेबांनी हात वर केला.

"सिमेंट आलं होतं," साहेब म्हणाले. "पोती तिथंच पडून होती."

बाहेर तान्ह्या पोळ्याला निघालेल्या पोरांचे लाकडी बैल खडखड करत गल्लीतून गेले.

"खात्याले काय लिहून देऊ? वाघीण बाळंत झाली म्हणून काम बंद? सिमेंट लिहिलं. मंग पुस्तकातबी तेच लिहा लागलं. हे म्या घरी बायकोलेसुद्धा कधी सांगितलं नाई."

खिशातून त्यांनी खोलीची दुसरी किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. माझे डोळे भरून आले. मुलगा पाहतच राहिला. आता इथं सगळ्यांनी चहा प्यायचा आणि घरी जायचं, की नाही? पण साहेब शेवटी इंजिनिअर!

"फक्त एक चुकलं, गजूभाऊ. पिल्लं दोन होती. म्या रोज पाह्यलं."

"तीन, साहेब."

"अहो, मी समोर बसून होतो! मंग तिसरं कुठी होतं?"

गजूभाऊनं आवाज आणखी बारीक केला.

"तुमच्या मागं, साहेब."

आणि लोणारे साहेब बसल्या खुर्चीत, जराही आवाज न करता, हळूच मागं वळले.