बायांच्या खोलीतला शिक्का

मतदानाच्या आदल्या दिवशी शंकरराव शाळेच्या जमिनीवर पालथे पडायचे. पन्नाशीचा माणूस, डोक्याला काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट आणि गाल सारवलेल्या जमिनीला टेकलेला. मी त्यांना प्रथम असे पाहिले तेव्हा चक्कर आली असेल असे वाटून धावलो. ते पडल्यापडल्याच म्हणाले, "उभे काहून राह्यले? पडद्याच्या मांगं जा अन् चालून दाखवा." मी पडद्यामागे जाऊन चाललो. "तुमची चप्पल दिसून राह्यली," ते म्हणाले. "ज्याची चप्पल दिसते, त्याचं मतबी दिसते." पडद्याला खाली वीतभर गोणपाट शिवून घेतले तेव्हाच ते उठले आणि त्यांनी कोट झटकला.

आमचे गाव रिसोड आणि वाशीमच्या मधले, लहानच. पण त्याला नगरपालिका होती. लोक तिला कमेटी म्हणत. शंकरराव कमेटीचे हेडक्लार्क. दर निवडणुकीला मतदानाची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे असे. मी दुसरा कारकून, चोवीस वर्षांचा, शिरपूरकडून आलेला, अजून कायम न झालेला. ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षे आधीची आहे.

तेव्हा बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून आमच्याकडे रंगाच्या पेट्या होत्या. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची एक पेटी. मतदाराला टेबलावर घडी घातलेला एक कोरा कागद मिळे. तो घेऊन पडद्याआड जायचे आणि हव्या त्या रंगाच्या पेटीत टाकायचा. कागदावर काही लिहायचे नसे. त्याच्या पाठीवर कमेटीचा शिक्का असला की ते मत. शिक्का नसला की नुसता कागद. शिक्का मतदारासमोरच मारायचा असाही नियम होता. हे सगळे नियम इंग्रजीत छापून आले होते. शंकररावांनी ते मराठीत स्वतःच्या हाताने उतरवून काढले होते, आणि ती वही ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवत.

त्यांचा कडकपणा गावाला माहीत होता. पाच वाजता शाळेचे फाटक बंद. आवारात जे असतील त्यांनी मत द्यायचे, बाहेरच्यांनी घरी जायचे. एका निवडणुकीत त्यांचा सख्खा साळा पाचनंतर बैलगाडी घेऊन पोचला. फाटकाशी उभा राहून म्हणाला, "भाऊजी, चाक निखळलं होतं, नाई तं कवाचाच आलो असतो." शंकरराव फाटकाच्या आतून म्हणाले, "आत असते तं मतदार असते. आता नुसते साळे हाये. थांबा थोडं, संगं जेवाले जाऊ." साळा जेवायला थांबला नाही. त्यांच्या पत्नी, त्यांना मी काकू म्हणत असे, त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत असे शंकररावांनीच मला सांगितले. "पोळी मात्र गरम भेटत होती," असेही सांगितले.

पण ते नुसते कडक नव्हते. नियमात जे लिहिले नाही तिथे ते फार उदार असत. मला म्हणायचे, "वहीत जेवढं लिहिलं तेवढं कायद्याचं. जे नाई लिहिलं तिथं मानसाची सोय पाहाची."

त्या वर्षी यादीत बायांची नावे प्रथमच पुष्कळ आली. शाळेची मागची खोली त्यांच्यासाठी ठेवली. उमेदवारांची माणसे पुरुषांच्या खोलीत बसत. पण बायांच्या खोलीत परके पुरुष नकोत म्हणून शंकररावांनी त्यांना व्हरांड्यात बसवले. आत टेबलाशी ते आणि मी, दाराशी कोतवालाची बायको गोदाबाई. नियम असा होता की मतदाराने स्वतःचे आणि बापाचे किंवा नवऱ्याचे नाव सांगायचे, मी ते यादीत पाहायचे. पहिलीच बाई आली, पदर डोळ्यांपर्यंत. स्वतःचे नाव सांगितले. नवऱ्याचे विचारले तर गप्प. गोदाबाई म्हणाली, "साहेब, ते कशी घेईन नाव?" दुसरी एक म्हातारी मागून बोलली, "माह्या घरधन्याचं नाव तुमच्या वहीत हाये ना बाप्पा? मंग मले काहून विचारता?"

नियम सांगत होता की नाव घेतल्याशिवाय कागद नाही. आवारात चाळीस-पन्नास बाया उभ्या होत्या, त्या तशाच परत जायला निघाल्या. शंकररावांनी खिशातून वही काढली, नियम पुन्हा वाचला आणि म्हणाले, "नाव घ्या असं लिहिलं हाये. कसं घ्या ते नाई लिहिलं. बाई, लग्नात घेतलं तसं घ्या."

खोलीत हशा पिकला. त्या पहिल्या बाईने पदराआडून म्हटले, "कापसाच्या वावरात दिस गेला उनाचा, किसनरावांचं नाव घेते, कागद द्या मानाचा." शंकररावांनी यादीत किसन पाहिले, शिक्का मारला आणि कागद दिला. मग रांग सरळ चालू लागली. बाहेरच्या बाया आत येण्याआधी भिंतीशी उभ्या राहून उखाणे जुळवत होत्या.

शाळेत ज्या वॉर्डाचे मतदान होते त्यात दोन उमेदवार होते. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनचे मालक आबासाहेब, त्यांची पेटी पांढरी. आणि खालच्या वेटाळातले, म्हणजे खालच्या वस्तीतले, सोनाजी मिस्त्री, त्यांची पिवळी. सोनाजी वेटाळात विहीर करू म्हणत होते, म्हणून बाया बहुतेक त्यांच्याकडच्या होत्या.

पाच वाजायला आले तेव्हा फाटकावर भांडण लागले. आबासाहेबांच्या माणसांची एक गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकली होती. शंकरराव उठले. शिक्का आणि शाईची गादी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "हे आता तुमच्यापाशी. पयले शिक्का, मंग कागद." मी हो म्हटले. ते अर्धा तास बाहेर होते.

त्या अर्ध्या तासात काय झाले ते मी फार वर्षे कुणाला सांगितले नाही. एका तरुण बाईने माझ्यावरच उखाणा रचला. त्यात कारकुनाच्या मिशीचा उल्लेख होता. सगळ्या बाया हसल्या, गोदाबाई तर दाराला धरून हसली. मीही हसलो. मग पुढचीनेही तसाच घेतला, तिच्या पुढचीनेही. मी यादी पाहत होतो, नावावर रेघ मारत होतो, घडी घातलेला कागद देत होतो आणि पुढचा उखाणा ऐकत होतो. शिक्का गादीवर तसाच पडून राहिला. मला मजा वाटत होती, एवढेच. कुणी मला काही दिले नव्हते, कुणी सांगितले नव्हते. शंकररावांचा बूट व्हरांड्यात वाजला तेव्हा माझे गादीकडे लक्ष गेले. किती कागद तसे गेले हे मला तेव्हाही सांगता आले नसते. मी पुढच्या कागदावर मोठा आवाज करून शिक्का मारला आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. शंकरराव बायांच्या खोलीतली पिवळी पेटी रिकामी करून एकेक कागद उलटा करत होते. एक कोरा निघाला. मग आणखी एक. त्यांनी मान वर न करता ते बाजूला ठेवले. पिवळ्या पेटीत असे तेरा निघाले, पांढरीत दोन. सोनाजी मिस्त्री सहा मतांनी पडले.

"हे कागद आमच्या बायांचे हायेत," सोनाजी म्हणाले. "तुमच्याच हातानं देल्ले."

"मले माहीत हाये," शंकरराव म्हणाले. "पन शिक्का नाई. मोजता येत नाई."

शिक्का राहिल्याचा ठपका टेबलावर, म्हणजे त्यांच्यावरच येणार होता; तो नियम त्यांनी स्वतःविरुद्ध वाचला हे त्या खोलीत त्यांना आणि मला, दोघांनाच समजत होते. सोनाजींची माणसे बाहेर जाऊन ओरडली की हेडक्लार्क जिनवाल्याला विकला गेला. बायांना उखाण्यांत गुंगवले आणि कोरे कागद हातात दिले. संध्याकाळपर्यंत गावभर हेच झाले.

तक्रार जिल्ह्याला गेली. अकोल्याहून एक अधिकारी चौकशीला आले आणि कमेटीच्या सभेच्या खोलीत बसले. शंकरराव एका बाजूला खुर्चीवर, मी समोर उभा. माझ्या कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात सहीला जायचा होता. घरी बाप त्या कागदाच्या भरवशावर माझे लग्न ठरवत होता.

अधिकाऱ्यांनी मला विचारले, "बायांच्या खोलीत शिक्का कोणाकडे होता?"

मी म्हटले, "शिक्का हेडक्लार्कसाहेबांच्या ताब्यात असतो."

वहीत तसाच नियम होता. मी खोटे बोललो नाही, असे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला समजावले. पण त्यांनी नियम विचारला नव्हता, त्या दिवशी काय झाले ते विचारले होते. उत्तर कसे द्यायचे हे मी शंकररावांकडूनच शिकलो होतो, आणि ते त्यांच्यावरच वापरले.

अधिकारी त्यांच्याकडे वळले. "हे बरोबर आहे?"

शंकररावांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. कुणाची आकडेमोड तपासताना पाहत तसे पाहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. शिक्का माझ्या ताब्यात असतो. टेबलावरच्या कामाला मीच जबाबदार." शिक्का मला देताना त्यांनी लेखी घेतले नव्हते. एरवी दोरीच्या गुंड्याचीही पोच घेणारा माणूस. पण त्या घाईत घेतली नव्हती. ती असती तरी त्यांनी पुढे केली असती का, ते मला सांगता येत नाही.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या मागे गेलो. बोलावे म्हणून गेलो होतो. ते जोडा घालत होते. म्हणाले, "नेमनूक पक्की झाली का घरी पत्र टाका. वडील वाट पाहून राह्यले असतीन." आणि गेले.

त्यांचे निवडणुकीचे काम काढून घेतले गेले आणि वर्षाच्या आत त्यांना मुदतीआधी घरी बसवले. त्यापेक्षा वाईट गावाने केले. गावाने त्यांना नाव दिले: पांढरी पेटी. ते चहाच्या दुकानापुढून गेले की कुणीतरी म्हणे, "सरका सरका, पांढरी पेटी येऊन राह्यली." आठवडी बाजारात भाजीवाला विचारी, "साहेब, वांग्यावर शिक्का मारू का?" ते वांगी घेत, पिशवीत टाकत. पुढे त्यांनी बाजारात जाणे सोडले. मी त्या दुकानात बसलेला असे. त्या हसण्यात मी हसलो नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल, आणि ते फार थोडे आहे.

स्वातंत्र्य यायच्या आधी ते तापाने गेले. खांदा द्यायला नातेवाईक होते, कमेटीतला मी एकटा. साळा मात्र वेळेवर आला होता.

दोन वर्षांनी मी काकूंकडे गेलो. त्या ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. सूप थांबले नाही.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "त्याईनं त्याच दिवशी सांगतलं होतं."

"मग काकू, तुम्ही कुणाला…"

"त्याईनं म्हटलं, पोरगा हाये, सांगन कवातरी सोताहून. आमी वाट पायली." मग सूप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आता मले कायले सांगून राह्यले? मी काय त्याईले पांढरी पेटी म्हटलं होतं? ज्या बाजारात त्याईचं नाव गेलं, त्या बाजारात सांगा."

मी हो म्हटले. आणि सांगितले नाही. तोवर मी स्वतः हेडक्लार्क झालो होतो, मुले शाळेत होती, लोक मला नमस्कार करत होते. काकूही गेल्या. शंकररावांच्या वहीवरून मी पुढची सगळी मतदाने चालवली. शिक्का दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर लेखी पोच, हा नियम मी त्या वहीत माझ्या अक्षरात घातला. कशावरून घातला ते लिहिले नाही.

गेल्या वर्षी गावाच्या वाचनालयाने माझा सत्कार केला. शाल दिली. बोलणाऱ्याने सांगितले की यांच्या हातून आयुष्यात एक शिक्का चुकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हात जोडले. घरी येऊन शाल खुंटीला लावली आणि बसून राहिलो.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी काठी घेऊन बाजारात गेलो. चहाचे जुने दुकान आता नाही, तिथे खताचे दुकान आहे. तिथल्या मालकाला म्हटले, मला शंकररावांबद्दल सांगायचे आहे. त्याने विचारले, "कोन शंकरराव?" त्याच्या शेजारी एक म्हातारा पोत्यावर बसला होता, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. तो म्हणाला, "अरे, कमेटीतली पांढरी पेटी. माहा बाप सांगे. जिनवाल्याले विकल्या गेलता."

मी म्हटले, "विकला गेला नव्हता. शिक्का माझ्या हातात होता." आणि तेरा कागदांपासून चौकशीपर्यंत सगळे सांगितले. माझे सांगून होईपर्यंत दोन गिऱ्हाइके येऊन गेली. म्हाताऱ्याने नीट ऐकून घेतले. तो म्हणाला, "हे तुमी तवा सांगाले पायजे होतं, बाबूजी. ज्याईनं नाव ठेवलं होतं ते सारे मेले आता."

"हो," मी म्हटले.

पुढे बियाण्यांचे दुकान होते. तिथे तिघेजण बसले होते. मी त्यांच्याकडे गेलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.