लाल ठिपक्याचे कप

मॅडमनी दोन कप ओट्यावर आपटले. दोन्हीच्या कानाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. "तुम्ही दोघींनी यातूनच प्यायचं. आमच्या कपाला तोंड लावायचं नाही."

दोघी म्हणजे स्वयंपाकाची मी, रायगडची, आणि त्यांचं बाळ सांभाळणारी युगांडाची ग्रेस. आखातातल्या, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्या व्हिलात आम्ही एकाच खोलीत राहतो.

ग्रेसचा गुन्हा काय, तर ती खरं बोलली. तिची गावाकडची आई सारखी दवाखान्यात का जाते, असं मॅडमनी विचारलं. एचआयव्हीच्या गोळ्या आणायला, ग्रेस म्हणाली. जसं कुणी शुगरचं सांगतं तसं. आईचं कळलं तेव्हा सगळं घर रक्त तपासायला गेलं होतं. आई आजही ठणठणीत आहे, शेत करते.

मी म्हटलं, "मॅडम, व्हिसाच्या मेडिकलला आम्हा दोघींचं रक्त तपासलंय."

"मला शिकवू नकोस. ही लोकं असलीच असतात."

पुण्याच्या, शिकलेल्या बाई! पोळ्या लाटायला माझे हात चालतात, बाळाला भरवायला ग्रेसचे चालतात. तोंड तेवढं चालत नाही.

तरी मी त्या कपातून चहा प्यायले. थू माझ्यावर. वर मनात ग्रेसलाच शिव्या दिल्या, हिला तोंड बंद ठेवता येत नव्हतं?

कप विसळताना ग्रेसने विचारलं, "तुमच्यात कुणालाच होत नाही?"

आमच्यात होतं, पण आमच्यात त्याला 'मेडिकल अनफिट' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या, रुकसानाच्या नवऱ्याला शारजातून परत पाठवलं. गावात सांगितलं, छातीवर डाग निघाला. खरा रिपोर्ट मी वाचलाय. तो हात जोडून म्हणाला, "आपा, रुकसानाला बोलू नको. घराची इज्जत आहे." मी बोलले नाही. आता रुकसानाला पाचवा महिना आहे.

मी दोन्ही कप कचऱ्यात टाकले. मॅडमच्या समोर. त्यांच्याच कपांत चहा ओतला, एक ग्रेसला दिला, एक मी प्यायले.

"व्हिसा कॅन्सल करीन!"

"करा. खलास."

मग तिथूनच फोन लावला. "रुकसाना, उद्या सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्हीची तपासणी कर. तुझ्या नवऱ्याला तेच निघालं होतं. गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर बाळ वाचतं."

पलीकडे तिने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "आपा, तुला माहीत होतं?"

"हो. दोन वर्षं."

तिने फोन ठेवला. तिने मला माफ करू नये, मी मागणारही नाही. उद्या ती गेली नाही तर परत फोन करीन, परवाही करीन. व्हिसा गेला तर स्वतः येऊन, दंडाला धरून, भरगावातून तिला नेईन. इज्जत गेली खड्ड्यात.