थेट सहीकडे

आमची कंपनी माणच्या आयटी पार्कात आहे. आम्ही कारखान्यांना स्क्रीनचा तयार सांगाडा विकतो, ज्याला आमच्यात फ्रेमवर्क म्हणतात. बटणं, तक्ते, पानं आमची. मजकूर ज्याचा त्यानं भरायचा. लग्नकार्यात कोणी विचारलं, "काय करतेस गं?" तर मी "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगते, कारण पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. माझे वडील मात्र थांबायचे. थांबतील नाही तर काय, त्यांच्याच कारखान्यात आमचा सांगाडा लागला होता.

आण्णा चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचा, वरून प्रेस येते, तुकडा वाकतो, तो काढायचा, दुसरा ठेवायचा. लातूरकडून आल्यापासून, आधी भोसरीत आणि मग चाकणला, जन्मभर हेच. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती. तिथला नियम असा, की शिफ्टच्या आधी खांबाला लावलेल्या टॅबवर सुरक्षेच्या सूचनांचं पान उघडायचं, वाचत खाली जायचं आणि तळाशी बोटानं सही करायची. सही नाही तर मशीन नाही. टॅब एकच आणि मागे ही रांग! पान मारुतीच्या शेपटाएवढं, रोज तेच. आण्णांचा चष्मा डब्याच्या पिशवीत, बोटांना ऑइल, स्क्रीन सरकता सरकायची नाही. मागून हाका यायच्या, "आण्णा, पेपर वाचताय का राव? राशिभविष्य झालं का?" हे ते घरी हसत हसत सांगायचे, पण त्यातला अपमान मला कळायचा. एकदा जेवताना म्हणाले, "माय, तुमच्या त्या पानाला खाली उतरायला जिना न्हाई का?"

नेमकं तेच काम माझ्याकडे आलं. पानाच्या माथ्यावर सगळ्या मथळ्यांची यादी आपोआप तयार व्हायला हवी होती, आणि यादीतल्या मथळ्यावर बोट ठेवलं की त्याच पानात थेट तिथं पोचायला हवं होतं. ऐकायला किरकोळ, पण करताना माझा जीव मेटाकुटीला आला. लिंक दाबली की मथळा वरच्या निळ्या पट्टीखाली जाऊन लपायचा. एकाच नावाचे दोन मथळे असले की दोन्ही लिंक पहिल्यावरच जाऊन आदळायच्या. आणि मराठी मथळा असला तर लिंक जागची हलायचीच नाही. लिंकचा पत्ता मथळ्यातून तयार होतो, आणि आमच्या जुन्या कोडमध्ये कुणीतरी इंग्रजी सोडून बाकीची सगळी अक्षरं गाळून टाकली होती. कोण हा महाभाग म्हणून तणतणत शोधलं, तर दोन वर्षांपूर्वीची मीच!

शेवटी जमलं. तपासताना टीममधला सहकारी म्हणाला, "सहीचा मथळापण यादीत येतोय. वगळायचा का? लोक थेट तिथंच उडी मारतील." मी म्हणाले, "राहू दे." मला आण्णांची ती रांग दिसत होती. तो मथळा यादीत तसाच राहिला.

महिन्याभरात ते चाकणला लागलं. आण्णा घरी आले ते फुशारक्या मारतच. "सगळ्या रांगेला सांगितलं, माझ्या पोरीनं केलंय म्हणून!" आता टॅबवर एक टिचकी, की सही, की चला मशीनवर. त्यांना चिडवणारं कुणी उरलं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांच्या नोकरीत घरच्या माणसाच्या उपयोगी पडले ते तेव्हाच.

मग एका सोमवारी त्या पानाच्या मधोमध एक नवी ओळ आली. आत हात असला की प्रेस थांबवणारा एक सेन्सर असतो. आण्णांच्या प्रेसचा सेन्सर बिघडला होता, आणि दुरुस्त होईपर्यंत तुकडा हातानं न काढता चिमट्यानं काढावा, असं त्या ओळीत होतं. अहो, सेन्सर बिघडलाय तर मशीन बंद ठेवा ना! पण नाही, मशीन चालू आणि ओळ पानात. आण्णांनी रोजच्यासारखी टिचकी मारली आणि त्या ओळीवरून उडी मारून सहीवर उतरले. अकराच्या सुमाराला त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलच्या दारातच सुपरवायझरनं मला त्या ओळीचं सांगितलं. आत जाऊन मी काय विचारावं, कपाळ माझं! "चिमटा का नाही घेतलात?" औषधाच्या गुंगीत आण्णांनी डोळे किलकिले केले. "कसला चिमटा?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या टीम लीडकडे गेले. म्हटलं, आपल्या पानात मधलं न वाचता सही होते, एवढं कारखान्याला कंपनीच्या कागदावर लिहून द्या. माणूस वाईट नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपण सोय दिली. कशी वापरायची ते गिऱ्हाईकानं बघायचं. आणि हे बाहेर बोलू नकोस, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." मी जागेवर येऊन सहीचा मथळा यादीतून काढून टाकला. दहा मिनिटांचं काम होतं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

तीन आठवड्यांनी कारखान्यात चौकशी लागली. चूक आण्णांची ठरली तर त्यांना परत कामावर घेणार नव्हते. उजव्या हाताला अजून बँडेज होतं, त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून जबाब लिहायला मला आत बसायची परवानगी मिळाली. मी कुठं नोकरीला आहे हे चौकशी करणाऱ्या साहेबांना ठाऊक नव्हतं. जाताना रिक्षात आण्णा म्हणाले, "आत तोंड उघडायचं न्हाई. माझी दोनच वर्षं राहिलीत. तुझा सगळा जन्म पडलाय."

साहेबांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. पान उघडल्यापासून सहीपर्यंत चार सेकंद. ही नोंदही आमच्याच फ्रेमवर्कनं ठेवलेली.

"मधलं वाचलंत?"

"न्हाई साहेब."

"थेट सहीवर जायला कुणी सांगितलं?"

दाराशी सुपरवायझर उभा होता. आण्णांच्या फुशारक्या त्यानंही ऐकल्या होत्या. त्यानं मान खाली घातली. मी पेन ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, ती लिंक..." तेवढ्यात टेबलाखाली आण्णांनी माझ्या पावलावर चप्पल दाबली, अशी की कळ डोक्यात गेली.

"कुणी न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "माझं मीच. लिही माय. सूचना न वाचता सही केली. चूक माझी आहे."

मी लिहिलं. माझं अक्षर लहानपणापासून चांगलं आहे, त्या दिवशीही चांगलंच आलं. आण्णांनी डावा अंगठा शाईच्या पॅडवर ठेवला, तेव्हा साहेबांनी त्यांना थांबवलं.

"आधी त्यांना सगळं वाचून दाखवा. न वाचता घेता येत नाही."

मी पहिल्या ओळीपासून वाचत गेले. शेवटी "चूक माझी आहे" असं मोठ्यानं वाचलं.

"बरोबर हाय," आण्णा म्हणाले आणि त्यांनी अंगठा उठवला.