हात बांधण्याचा नियम

नर्सिंगच्या मुलामुलींना मी शिकवतो. त्यात एक तास रुग्णाचे हात बांधण्यावर असतो. डॉक्टरांचा लेखी आदेश नसेल तर बांधायचे नाहीत. बांधलेच तर पट्टीखालून बोट सहज सरकलं पाहिजे, अधूनमधून पट्टी सोडून बोटांचा रंग पाहिला पाहिजे. आणि का बांधतो आहोत ते रुग्णाला सांगायचं, त्याला समजण्यासारखं नसलं तरी सांगायचं. हे शेवटचं वाक्य मी दरवर्षी दोनदा म्हणतो. यंदाही म्हटलं. फक्त यंदा वर्गाकडे न बघता, फळ्याकडे बघत म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात भरती केलं. न्यूमोनिया, त्यात उन्हानं अंगातलं मीठ उतरलेलं. गिळताना ठसका लागायचा म्हणून नाकातून नळी घातली होती. सकाळी ते चांगले शुद्धीवर असत. मला पाहिलं की विचारत, "मले वेसण काहून घातली गा? मी का बैल आहो?" बाजूच्या खाटेवरचा माणूस खोकता खोकता हसायचा.

दुपार चढली की मात्र ते भ्रमात जात. त्यांचं सगळं आयुष्य उमरेडला हातमागावर गेलं. भ्रमात हात मागावरच असत. नाकातली नळी बोटांना लागली की त्यांना वाटे, धागा तुटला. मग ते तिची दोन टोकं शोधत आणि ओढून काढत. असं दोनदा झालं. नळी परत घालताना नाकातून रक्त आलं, आणि ते लहान मुलासारखे कण्हले. ते मला ऐकवेना.

त्या दुपारी ड्यूटीवर जी सिस्टर होती ती माझीच विद्यार्थिनी. नरखेडकडच्या एका गावची, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, शंका विचारून तास लांबवणारी. मी तिला म्हटलं, हात बांधून टाक. ती म्हणाली, ऑर्डर नाही. मग घे ऑर्डर, मी म्हटलं. तिनं माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी नकार दिला. नातेवाईक आहेत तर त्यांनी जवळ बसून हात धरावा, म्हणाले.

मला राग आला. वीस जणांसमोर मी जे बोलतो ते माझ्याच बापाच्या खाटेशी मला ऐकवलं जात होतं. मी म्हटलं, "आता तू मला शिकवणार का?"

"नाही सर," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलं तेच करून राहिली मी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं खुर्ची खाटेजवळ सरकवून दिली, बाबांचा हात माझ्या हातात ठेवला आणि टोकाच्या खाटेकडे धावत गेली. तिथल्या बाईचा श्वास अडकला होता.

बराच वेळ मी हात धरून बसलो. पण सलग जागरणं झाली होती, मान सारखी खाली येत होती. शेवटी उठलो, तिच्या ट्रॉलीवरची गॉजपट्टी घेतली आणि बाबांचे दोन्ही हात खाटेच्या कठड्याला बांधले. पट्टीखालून बोट सरकतं का ते पाहिलं नाही. पडदा ओढून घेतला.

"काहून बांधून राहिला गा?" बाबांनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. खुर्चीत बसलो आणि झोपलो.

जाग आली ती पडद्याच्या कड्यांच्या आवाजानं. डॉक्टर संध्याकाळच्या राउंडला आले होते, मागे सिस्टर. बाबांच्या ओढण्यानं पट्टी आवळली गेली होती. उजवा हात सुजला होता, बोटं निळसर झाली होती. सिस्टरनं आधी पट्टी कापली. मग डॉक्टरांनी तिला विचारलं, मी नाही म्हटलं असताना हे कोणी बांधलं?

"मी नाही बांधलं, सर." ती एवढंच म्हणाली आणि पट्टीच्या तुकड्याकडे बघत राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी आपणहून बोलावं म्हणून तिनं मला तेवढी जागा ठेवली होती.

बोलले ते बाबा. "ह्या माह्या पोट्ट्यानं बांधले. ह्यानंच."

शब्द एकदम स्वच्छ होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात तेव्हा बाप नव्हता, ती मुलगीही नव्हती. कॉलेज होतं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होती, आणि उद्या स्टाफरूममध्ये कोण काय म्हणेल ते होतं.

"दुपारपासून भ्रमात आहेत ते, सर," मी म्हणालो.

तसं पाहिलं तर हे खोटंही नव्हतं. अनुभवी नर्सनं डॉक्टरांना रुग्णाची स्थिती सांगावी, तशाच आवाजात मी ते सांगितलं. म्हणून ते लगेच पटलं. डॉक्टरांनी मान हलवली. बाबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर घरी येईपर्यंत, कुठं दुखतं असं कोणीही विचारलं तरी त्यांनी सांगितलं नाही.

सिस्टर कंत्राटावर होती. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

बाबांना सुट्टी झाली त्या दिवशी मी मेट्रनच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. तिथंच बसून लिहूनही दिलं. मेट्रन बाईंनी कागद वाचून बाजूला ठेवला. "नातेवाईकानं बांधलं असलं तरी ड्यूटी तिची होती, सर," त्या म्हणाल्या. "पेशंटवर नजर तिची पाहिजे. कायदा मी तुम्हाला काय सांगू?"

कायदा त्यांनी बरोबर सांगितला होता. परीक्षेत कोणी असं लिहिलं तर मी पूर्ण गुण देतो.

सिस्टरला फोन केला. ती कळमेश्वरच्या एका कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत लागली होती. माफी मागायला मी सुरुवात केली तर तिनं मधेच विचारलं, बाबांच्या बोटांना कसं आहे? दोन बोटं बधिर आहेत, मी सांगितलं. मग ती मला बोटांचे व्यायाम सांगत राहिली, सावकाश, एकेक करून, घरच्या अडाणी माणसाला समजावतात तसे. मी हो हो म्हणत राहिलो. व्यायाम सांगून झाले, तिनं फोन ठेवला.

आता मी रोज संध्याकाळी बाबांची बोटं चोळतो. ते चोळू देतात. कधी गमछा हातात घेतात, पोत बघायला बोटं फिरवतात, आणि मग तो डाव्या हातात घेतात. परवा मी त्यांना सांगितलं की मी सगळं कबूल केलं आहे, लिहून दिलं आहे.

"त्या पोट्टीले परत घेतलं काय?"

"नाही."

जेवायला बसलो. पहिला घास घेऊन ते थांबले.

"वरण खारट झालं," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "का मी भ्रमात आहो गा?"

मी चाखून पाहिलं. वरण खारट होतं. तसं मी त्यांना सांगितलं. हल्ली ते काहीही बोलले की हेच विचारतात, आणि मला दर वेळी खरं काय ते सांगावं लागतं.